मोंटाना रेल लिंकला पहिली श्रेणी नको होती

अमेरिकेच्या वायव्य भागात, मोंटाना राज्यातल्या मिझुला शहरात मोंटाना रेल लिंक या मालवाहू रेल्वे कंपनीचं मुख्यालय होतं. या कंपनीने 2020 मध्ये वॉशिंग्टनच्या सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाकडे, म्हणजे रेल्वे कंपन्यांवर आर्थिक देखरेख ठेवणाऱ्या एसटीबी या नियामकाकडे, एक अर्ज केला. त्याचा मथितार्थ असा : आमचं उत्पन्न वाढतंय, असंच चाललं तर आमची गणना ‘क्लास वन’ रेल्वेत होईल, आणि ती होणं योग्य नाही. मागणी एकट्यापुरत्या सवलतीची नव्हती, नियमच बदलण्याची होती. क्लास वनची उत्पन्नमर्यादा 90 कोटी डॉलरवर न्या, असं कंपनीचं म्हणणं होतं. एप्रिल 2021 मध्ये एसटीबीने ते मान्य केलं.

क्लास वन हा शब्द रेल्वेची आवड असलेल्यांच्या तोंडी मानाने येतो. बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न ही नावं त्या पंक्तीतली. अशा पंक्तीत बसायला एखादी कंपनी नको म्हणते तेव्हा त्या पंक्तीचा अर्थ मुळातून बघावा लागतो. म्हणून हे प्रकरण मी सविस्तर मांडतो आहे.

रेघ कोणी ओढली

श्रेणी ठरते ती फक्त पैशावर. रुळांची लांबी, इंजिनांची संख्या, किती राज्यांतून गाडी जाते, यांपैकी काहीही मोजलं जात नाही. रेल्वे चालवून वर्षाला किती उत्पन्न मिळालं, तेवढंच बघतात. एसटीबीच्या आधीचा नियामक असलेल्या इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने 1911 पासून ही पद्धत लावली. वर्षाला 10 लाख डॉलर किंवा जास्त मिळवणारी रेल्वे क्लास वन, 1 लाख ते 10 लाखांमधली क्लास टू, त्याखालची क्लास थ्री.

ही पद्धत आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. स्वातंत्र्यापूर्वी हिंदुस्थानातल्या रेल्वे कंपन्यांचीही अशीच प्रतवारी होती. वर्षाला 50 लाख रुपये आणि त्यावर मिळवणारी पहिल्या श्रेणीत, 10 ते 50 लाखांमधली दुसऱ्या, त्याखालची तिसऱ्या. मुंबई-ठाण्याला पहिली गाडी सोडणारी जीआयपी पहिल्या श्रेणीत होती. कुर्डुवाडीवरून जाणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे त्या श्रेणीत बसत नसे. सगळी रेल्वे सरकारच्या एका छत्राखाली आल्यावर आपल्याकडे ही विभागणी मागे पडली. अमेरिकेत मालवाहतूक खासगी कंपन्यांकडेच राहिली, त्यामुळे तिथे ती अजून जिवंत आहे.

महागाईबरोबर रेघ वर सरकवावी लागली. 1956 मध्ये 30 लाख डॉलर, 1965 पर्यंत 50 लाख, 1976 मध्ये 1 कोटी, 1978 मध्ये एकदम 5 कोटी. 1956 मध्ये 113 कंपन्या क्लास वन होत्या. 1978 ची रेघ ओढल्यावर उरल्या 41. गळालेल्यांतल्या काही बुडाल्या, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या आणि काहींचं काहीच बिघडलं नव्हतं, फक्त रेघ त्यांच्या डोक्यावरून वर गेली. 1992 च्या सुमारास मर्यादा 25 कोटी डॉलर झाली, तेव्हा फ्लोरिडा ईस्ट कोस्ट ही जुनी, व्यवस्थित चालणारी रेल्वे अशीच क्लास वनमधून क्लास टूमध्ये आली. तिचे रूळ, गाड्या, गिऱ्हाइकं आदल्या दिवशी होती तीच होती.

त्या वेळी आणखी एक गोष्ट पक्की झाली. 25 कोटींचा आकडा 1991 च्या डॉलरमध्ये धरायचा आणि दरवर्षी रेल्वे मालभाड्याच्या किंमत-निर्देशांकाने तो फुगवत न्यायचा. सलग तीन वर्षं उत्पन्न रेघेच्या वर राहिलं तरच कंपनी वरच्या श्रेणीत जाते, खाली येतानाही तसंच. एखाद्या वर्षी गव्हाचं पीक बंपर आलं म्हणून कोणी क्लास वन होत नाही. हा तीन वर्षांचा नियम मला शहाणपणाचा वाटतो. 2019 सालासाठी या हिशेबाने रेघ आली होती सुमारे 50 कोटी 48 लाख डॉलरवर. मोंटाना रेल लिंक खालून तिच्याकडे सरकत होती.

घाटातली रेल्वे

आता ही कंपनी मुळात काय होती ते बघू, कारण सगळा गुंता तिच्या जन्मातच आहे.

मोंटानातून पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे मार्ग आहेत. उत्तरेकडचा मार्ग ग्रेट नॉर्दर्नने बांधला. दक्षिणेकडचा नॉर्दर्न पॅसिफिकचा. त्याचा शेवटचा खिळा 1883 च्या सप्टेंबरमध्ये मोंटानातल्याच गोल्ड क्रीकजवळ ठोकला गेला. पुढे दोन्ही मार्ग बर्लिंग्टन नॉर्दर्न या एकाच कंपनीकडे आले. एका कंपनीला दोन मार्ग कशाला, असा प्रश्न पडला आणि 1987 मध्ये तिने दक्षिणेकडचा मार्ग दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर डेनिस वॉशिंग्टन या मोंटानातल्या उद्योजकाला दिला. मोंटाना रेल लिंक जन्मली ती अशी. बिलिंग्जजवळच्या हंटलीपासून आयडाहोतल्या सँडपॉइंटपर्यंतची मुख्य लाइन आणि फाटे मिळून मार्ग 900 मैलांहून थोडा जास्त.

वाटेत बोझमन घाट आणि हेलेनाजवळचा मुलन घाट, दोन्हींवर बोगदे. मुलनला तर रेल्वे खंडाची पाणलोट रेषाच ओलांडते. आपल्याकडे कसाऱ्याला किंवा कर्जतला गाडीला बँकर लावतात, तशी इथेही जड गाड्यांना हेलेनाहून जादा इंजिनं लावून वर चढवत. मोंटाना रेल लिंकची निळी इंजिनं या कामासाठीच ओळखली जात.

पण या घाटांतून जाणाऱ्या वाघिणींपैकी फार मोठा वाटा मूळ मालकाचा, म्हणजे बर्लिंग्टन नॉर्दर्नचा, आणि ती विलीनीकरणानंतर जिचा भाग झाली त्या बीएनएसएफचा होता. बीएनएसएफची गाडी एका टोकाला यायची, मोंटाना रेल लिंक ती डोंगरापलीकडे नेऊन दुसऱ्या टोकाला परत द्यायची. बीएनएसएफची वाहतूक वाढली की हिचं उत्पन्न वाढे. उत्पन्न वाढत होतं याचा अर्थ कंपनीने नवे मुलूख पादाक्रांत केले होते असा नव्हता. मार्ग तेवढाच, राज्यं तीच, घाटही तेच.

आणि उत्पन्नाचा आकडा बघणाऱ्या नियमाला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याच सुमाराला सर्वांत छोटी क्लास वन होती कॅन्सस सिटी सदर्न. तिचा एकट्या अमेरिकेतला मार्गच सुमारे 3,400 मैल, शिवाय मेक्सिकोतलं जाळं वेगळं. बीएनएसएफचा तर 32,000 मैलांवर. या रांगेत 900 मैलांची कंपनी उभी करायची?

श्रेणीबरोबर काय येतं

क्लास वन होण्याने कंपनीच्या गाड्यांचा वेग वाढत नाही की दर. वाढतात ती बंधनं.

पहिलं आणि सर्वांत जड बंधन हिशेबाचं. क्लास वन कंपनीला एसटीबीने आखून दिलेल्या एकाच लेखापद्धतीने हिशेब ठेवावे लागतात आणि दरवर्षी आर-वन नावाचा अहवाल भरावा लागतो. हा अहवाल म्हणजे भागधारकांसाठीचा गुळगुळीत वार्षिक अहवाल नव्हे. रूळ, स्लीपर, इंजिनं, इंधन, डबे, मजुरी, प्रत्येकाचा खर्च ठरलेल्या रकान्यात. शिवाय तिमाही उत्पन्न-खर्च, कोणता माल किती नेला याची आकडेवारी, कामगारांचे तास आणि वेतन, गाड्यांचा सरासरी वेग आणि यार्डातला खोळंबा यांची साप्ताहिक माहिती. क्लास टू आणि थ्री कंपन्या यातून जवळपास मोकळ्या आहेत.

वाचताना हा कारकुनी छळ वाटतो, पण तो निव्वळ तसा नाही, आणि इथे मी जरा थांबणार आहे. आर-वनच्या आकड्यांवरून एसटीबी प्रत्येक क्लास वन रेल्वेचा वाहतूक खर्च काढते. समजा, एखाद्या गव्हाच्या कोठाराजवळून एकच रेल्वे जाते आणि तिने भाडं अवाच्या सवा लावलं. कोठाराच्या मालकाला दाद मागायची असेल तर पहिली पायरी अशी : भाडं त्या वाहतुकीच्या बदलत्या खर्चाच्या 180 टक्क्यांहून जास्त आहे का? तसं नसेल तर भाडं वाजवी की अवाजवी हे बघण्याचा अधिकारच एसटीबीला नाही. हे 180 टक्के ज्या खर्चावर मोजायचे तो खर्च आर-वनमधून येतो. मोंटानातल्या गहू पिकवणाऱ्यांना ट्रकने माल बंदरापर्यंत नेणं परवडत नाही, जलमार्ग जवळ नाही. रेल्वे नेईल त्या भाड्यात गहू पाठवायचा. अशा ठिकाणी रेल्वेचा खर्च उघड्यावर असणं ही शेतकऱ्याच्या हातातली मोजकी हत्यारं असतात त्यांपैकी एक आहे.

दुसरं, करसवलत. क्लास टू आणि थ्री कंपन्यांना रुळांच्या देखभालीवर कर-सूट मिळते; तिची कमाल मर्यादा दर मैलाला 3,500 डॉलर. 900 मैल धरले तर वर्षाला 31 लाख 50 हजार डॉलरपर्यंतचा प्रश्न. छोट्या रेल्वेंना जगवण्यासाठी ही सूट आहे आणि 2020 च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने ती कायमची केली. क्लास वन झालात की ती गेली.

तिसरं, कामगार. दोन क्लास वन कंपन्या एकत्र आल्या आणि त्यामुळे एखाद्याची नोकरी गेली किंवा पगार घटला, तर त्याला सहा वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. क्लास टू कंपनीने एखादी लाइन विकत घेतली तर बाधित कामगाराच्या वाट्याला येतो एक वर्षाचा मोबदला. क्लास थ्रीने घेतली तर तेवढाही नाही. गाडी तीच, ब्रेक लावणारा हात तोच; हक्क मात्र मालकाच्या श्रेणीवर.

बोर्डाचा निर्णय

एसटीबीने अर्ज दाखल करून घेतला, नियमबदलाचा मसुदा काढला, हरकती-सूचना मागवल्या आणि एप्रिल 2021 मध्ये मर्यादा 2019 च्या डॉलरमध्ये 90 कोटी केली. म्हणजे आधीच्या रेघेपेक्षा सुमारे 78 टक्क्यांनी वर. क्लास टूची खालची सीमा तशीच राहिली, सुमारे 4 कोटी 4 लाख डॉलर. पुढे निर्देशांकाने रेघ सरकत राहिली. 2022 सालासाठी ती 103 कोटी डॉलरच्या पुढे गेली होती.

या निर्णयाचं एक वैशिष्ट्य सहज नजरेतून सुटतं. त्या दिवशी क्लास वन असलेल्या सातांपैकी एकाही कंपनीची श्रेणी बदलली नाही. बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न, कॅन्सस सिटी सदर्न, आणि कॅनेडियन नॅशनल व कॅनेडियन पॅसिफिक यांचे अमेरिकेतले व्यवसाय, सगळे रेघेच्या वरच. 50 कोटी आणि या सातांतल्या सर्वांत धाकट्याच्या मध्ये मोठी रिकामी जागा होती. तिथे रेघ कुठेही ओढली असती तरी तिच्याखाली येणारी कंपनी मुख्यतः एकच होती. 1992 ला फ्लोरिडा ईस्ट कोस्टचं जे झालं ते या वेळी कोणाचंच झालं नाही.

माझं मत सांगतो. निकाल योग्य होता, पण त्यामागचं माप तोकडंच राहिलं. मोंटाना रेल लिंक खरोखरच प्रादेशिक रेल्वे होती. तिच्यावर बीएनएसएफइतका अहवालाचा भार टाकून फार थोडं हाती लागलं असतं. पण बोर्डाने आकडा बदलला, मोजण्याची रीत नाही. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांची संघटना स्वतःच्या आकडेवारीसाठी ‘रीजनल’ असा गट वापरते, त्यात किमान 350 मैलांचा मार्ग हाही निकष आहे. कायद्याने तसं काही तरी घेतलं असतं, लांबी आणि उत्पन्न दोन्ही बघितलं असतं, तर पुढच्या वेळी कोणाला रेघ सरकवायला अर्ज घेऊन यावं लागलं नसतं.

फक्त उत्पन्न बघण्याला काही अपवाद आणि काही खाचाखोचाही आहेत. शंटिंग आणि टर्मिनल रेल्वे, म्हणजे शिकागोच्या बेल्ट रेल्वेसारख्या एका शहरात गाड्यांची जुळवाजुळव करणाऱ्या, उत्पन्न कितीही असलं तरी 1979 पासून क्लास थ्रीच धरल्या जातात. इथे नियमाने पैसा बाजूला ठेवून कामाचं स्वरूप बघितलं, आणि ते बरोबर केलं. जेनेसी अँड वायोमिंग या कंपनीच्या मालकीच्या छोट्या रेल्वे शंभराहून जास्त आहेत, पण त्या स्वतंत्र चालतात म्हणून त्यांची बेरीज करत नाहीत. एकत्रित, एकजीव चालणाऱ्या कुटुंबाची मात्र करतात. सरहद्दीपलीकडे कॅनडात क्लास वनची व्याख्या आणखी वेगळी आहे. तिथे सलग दोन वर्षं 25 कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त उत्पन्न लागतं, आणि त्यामुळे प्रवासी वाहतूक करणारी व्हिया रेलही त्यात बसते. ‘उत्तर अमेरिकेतल्या क्लास वन’ असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा दोन देशांच्या दोन मापांना एकच नाव देत असतो. मेक्सिकोची फेरोमेक्स अमेरिकी मापाने सहज क्लास वन ठरली असती, पण ते माप तिला लागूच नाही.

धाकटेपणाची किंमत

ज्या महिन्यात एसटीबीने ही रेघ वर नेली, त्याच महिन्यात तिच्यासमोर श्रेणीचाच दुसरा, कितीतरी मोठा प्रश्न होता. मार्च 2021 मध्ये कॅनेडियन पॅसिफिकने कॅन्सस सिटी सदर्न विकत घेण्याचा करार जाहीर केला होता. दोन क्लास वन एकत्र येणार म्हटल्यावर कायद्याने ते ‘मोठं’ विलीनीकरण. अशा विलीनीकरणासाठी 2001 मध्ये कडक नियम झाले होते : स्पर्धेला धक्का लागणार नाही एवढं दाखवून भागत नाही, स्पर्धा वाढेल हे दाखवावं लागतं. त्याआधी 1999 मध्ये बीएनएसएफ आणि कॅनेडियन नॅशनलने एकत्र यायचं ठरवलं, तेव्हा एसटीबीने मोठ्या विलीनीकरणांवर पंधरा महिन्यांची स्थगितीच आणली होती. ते नियम त्यातून आले.

पण त्या नियमांत एक अपवाद होता, आणि तो एकट्या कॅन्सस सिटी सदर्नसाठी. ती इतर क्लास वनच्या मानाने इतकी छोटी की तिला जुने, सौम्य नियम लावता येतील. एप्रिल 2021 मध्ये एसटीबीने कॅनेडियन पॅसिफिकच्या कराराला हा अपवाद लागू केला. त्याच महिन्यात कॅनेडियन नॅशनलने जास्त बोली लावली होती. तिच्या बाबतीत बोर्डाने नवे कडक नियमच लावायचं ठरवलं आणि ऑगस्ट 2021 च्या शेवटच्या दिवशी तिला कॅन्सस सिटी सदर्नचे शेअर मंजुरीपर्यंत तात्पुरत्या विश्वस्त संस्थेत ठेवण्याची परवानगी नाकारली. कॅन्सस सिटी सदर्न पुन्हा कॅनेडियन पॅसिफिककडे वळली. मार्च 2023 मध्ये मंजुरी आली, 14 एप्रिल 2023 रोजी दोघींची मिळून सीपीकेसी सुरू झाली, कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको जोडणारी पहिली एकसंध रेल्वे. सातांच्या सहा झाल्या.

मोंटाना रेल लिंकचा अर्ज आणि हे प्रकरण शेजारी ठेवलं की एक गोष्ट स्पष्ट होते. एकच बोर्ड, एकच वसंत ऋतू, आणि दोन्हीकडे मुद्दा ‘ही कंपनी इतरांइतकी मोठी नाही’ हाच. मिझुलाच्या कंपनीला त्यामुळे श्रेणीबाहेर राहायला मिळालं. कॅन्सस सिटीची कंपनी श्रेणीत राहूनही सौम्य मापाने मोजली गेली. म्हणजे क्लास वन असा सरसकट शिक्का मारल्यावरही आतल्या आत धाकटं-थोरलं बघावंच लागलं. जुलै 2025 मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनी सुमारे 8,500 कोटी डॉलरच्या विलीनीकरणाची घोषणा केली. त्यांच्यासाठी असा अपवाद नाही. 2001 चे नियम पूर्ण कसाला लागणार आहेत ते त्या प्रकरणात.

लाइन परत गेली

मर्यादा वाढवून नऊ-दहा महिने झाले असतील. जानेवारी 2022 मध्ये बीएनएसएफ आणि मोंटाना रेल लिंकने जाहीर केलं की भाडेपट्टा मुदतीआधी संपवून लाइन परत बीएनएसएफकडे जाणार. 2023 मध्ये एसटीबीची परवानगी मिळाली. 1 जानेवारी 2024 पासून हंटली ते सँडपॉइंट गाड्या बीएनएसएफ चालवू लागली. मोंटाना रेल लिंकच्या संघटित कामगारांना नोकरीत सामावून घेण्याचं तिने आधीच सांगितलं होतं.

ज्या कंपनीच्या अर्जावरून 90 कोटींची रेघ आली, तिला त्या रेघेखाली तीन वर्षंही काढता आली नाहीत. नियम राहिला, आणि आता फ्लोरिडा ईस्ट कोस्ट, आयोवा इंटरस्टेट, अलास्का रेलरोड अशा क्लास टू कंपन्या त्याच्या छायेत आहेत. मुलनच्या बोगद्यातून आजही जड गाड्या चढतात. त्यांचं इंधन, तिथले रूळ, तिथल्या कामगारांचे तास, यांची नोंद आता होते ती एका क्लास वन कंपनीच्या आर-वन अहवालात.